वाचला की पुसला : साध्या फोनवरच्या नाहीशा होणाऱ्या मेसेजची हकीकत

बटणांच्या साध्या फोनवरून असा मेसेज पाठवता येतो का, जो समोरच्याने वाचला की आपोआप नाहीसा होईल? हा प्रश्न विचारणारे तऱ्हेतऱ्हेचे असतात. घरच्यांच्या नजरेपासून दोन ओळी लपवू पाहणारी मुलं असतात, खबर देणाऱ्याचं नाव जपणारा बातमीदार असतो, आणि धमकी देऊन नामानिराळा राहू पाहणारा इसमही असतो. थोडक्यात सांगायचं तर तंत्रात ही सोय आहे, फोनच्या मेनूत ती नाही, आणि जिथे ती चालते तिथेही पुसलं जातं ते फक्त वाचणाऱ्याच्या हातातलं. पाठवणाऱ्याला जो पुरावा पुसायचा असतो तो बहुधा दुसरीकडेच पडलेला असतो.

एसएमएसची घडण आधी पाहावी लागेल. मोबाइलच्या जीएसएम पद्धतीची आखणी १९८० च्या दशकात युरोपात चालू होती, तेव्हा फोन जोडण्या-तोडण्याचे इशारे ज्या वाटेने जातात त्याच वाटेवरच्या रिकाम्या जागेत छोटा मजकूर बसवायचा, ही कल्पना पुढे आली. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. जागा होती १४० बाइट. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून त्यात १६० अक्षरं मावतात. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला एसएमएस.

पण मेसेज म्हणजे नुसती ही अक्षरं नव्हेत. मजकुराच्या पुढे काही बाइटचं शीर्षक जातं आणि त्यातला एक बाइट फोनला सांगतो की पुढचा मजकूर कोणत्या लिपीत आहे आणि त्याचं काय करायचं. इथे मेसेजचे चार वर्ग ठरवलेले आहेत. वर्ग शून्य म्हणजे आल्या आल्या पडद्यावर दाखव, जपून ठेवू नको. वर्ग एक म्हणजे फोनच्या स्मृतीत ठेव. वर्ग दोन सिमकार्डासाठी, आणि वर्ग तीन फोनला जोडलेल्या संगणकासारख्या यंत्रासाठी. यातला वर्ग शून्य म्हणजेच ज्याला सगळे ‘फ्लॅश मेसेज’ म्हणतात तो. तो इनबॉक्समध्ये जात नाही. हातातलं काम अडवून थेट पडद्यावर उभा राहतो आणि बटण दाबलं की जातो. बऱ्याच फोनवर मात्र तिथेच ‘सेव्ह’चा पर्याय मिळतो. म्हणजे जाणं किंवा राहणं वाचणाऱ्याच्या अंगठ्यावर.

याहून रंजक तरतूद त्याच बाइटमध्ये दडलेली आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पुढे एसएमएसच्या तांत्रिक प्रमाणकांमध्ये ‘आपोआप पुसण्यासाठी खूण केलेले मेसेज’ असा एक स्वतंत्र गटच घातला गेला. पाठवणाऱ्याने ही खूण केली की मेसेज कोणत्याही वर्गाचा असो, फोनमध्ये वा सिमवर साठवलेला असो, वाचून झाल्यावर फोनने तो वापरणाऱ्याला न विचारता पुसावा, असं तिथे लिहिलं आहे. आपल्या प्रश्नाचं शब्दशः उत्तर! पण लगेच पुढे दोन पळवाटा आहेत. पुसायचं कसं हे फोन बनवणाऱ्याने ठरवावं, ही एक. आणि हवं तर हे पुसणं रोखण्याची सोय त्याने वापरणाऱ्याला द्यावी, ही दुसरी. कागदावरच्या या कलमाला दातच ठेवलेले नाहीत. माझ्या मते ते बरोबरच झालं, त्याचं कारण पुढे येईल.

शिवाय ही खूण करायची कुठून? २००३ साली आलेला नोकिया ११०० घ्या. बॅटरीचा दिवा असलेला, धूळ सोसणारा, जगभर पंचवीस कोटींच्या आसपास खपलेला आणि आपल्याकडे खेडोपाडी पोचलेला फोन. त्याच्या मेसेजच्या सेटिंगमध्ये मेसेज सेंटरचा नंबर होता. मेसेज मजकूर म्हणून पाठवायचा, फॅक्स म्हणून, पेजरला की ईमेल म्हणून, हेही विचारलेलं होतं. गावातल्या कोणाला फॅक्स करायचा होता ते नोकियालाच ठाऊक. वर्ग शून्य मात्र नव्हता, आणि आपोआप पुसण्याची खूणही नव्हती. साध्या फोनच्या मेनूतून पाठवलेला मेसेज हा नेहमीचाच, राहणारा मेसेज असे.

पाठवणाऱ्याच्या हातात एकच खरी गोष्ट दिली होती, आणि ती बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिली नाही. ती म्हणजे मेसेजची मुदत. एक तास, सहा तास, चोवीस तास, बहात्तर तास, आठवडा, किंवा जास्तीत जास्त. मेसेज सरळ समोरच्याच्या फोनवर जात नाही. आधी कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये थांबतो, समोरचा फोन चालू आणि टॉवरच्या टप्प्यात असला की पुढे सरकतो. मुदत एक तासाची ठेवली आणि तासाभरात फोन चालू झाला नाही, तर मेसेज सेंटरमध्येच संपतो. ‘पाचच्या एसटीने येतोय, स्टँडवर ये’ हा निरोप रात्री नऊला पोचण्यात अर्थ नसतो, त्यासाठी ही सोय. आपणहून नाहीसा होणारा मेसेज साध्या फोनवर कोणता, तर खरं म्हणजे हाच. फक्त तो न वाचलेलाच नाहीसा होतो. याच पातळीवर ‘आधी पाठवलेला मेसेज काढून टाक’ अशी आज्ञाही तंत्रात आहे, पण ती मेसेज सेंटरला जाते, समोरच्या फोनला नाही. एकदा पलीकडे पोचलं की ती निरुपयोगी.

मेनूत नसलेलं बाहेरून मात्र करता येत होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारं जीएसएम मॉड्यूल संगणकाला जोडून प्रोजेक्ट करणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे चांगलं माहीत असतं. मॉड्यूलला द्यायच्या आज्ञांत मेसेजचे गुणधर्म ठरवणारी एक ओळ असते आणि तिच्यातला शेवटचा आकडा शून्याऐवजी १६ केला की तोच मेसेज पलीकडे फ्लॅश म्हणून उमटतो. सिंबियन आणि पुढे अँड्रॉइड स्मार्टफोनच्या काळात हेच करणारी छोटी ॲपं निघाली. घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपन्यांनीही फ्लॅशचा दर वेगळा लावून पाहिला. म्हणजे घेणाऱ्याचा फोन साधा असला तरी चालतं. पाठवणाऱ्याकडे मात्र साध्या फोनहून काहीतरी जास्त लागतं.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. कॉल संपला की पडद्यावर ‘इतके पैसे कापले, इतके उरले’ असं येऊन जायचं, त्याला लोक फ्लॅश मेसेज म्हणत आले. ती वेगळी पद्धत आहे, यूएसएसडी. बॅलन्स पाहायला तारा आणि चौकटीच्या खुणांमध्ये आकडे दाबतो तीच. तिथे साठवणं आणि पुढे पाठवणं असा प्रकारच नाही. फोन आणि कंपनीचा संगणक यांच्यात तेवढ्यापुरतं बोलणं होतं आणि संपतं. इनबॉक्समध्ये काही उरत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजनेसोबत देशभर पुढे आणलेली *९९# ही बँकसेवा यावरच चालते, म्हणून इंटरनेट नसलेल्या फोनवरही खात्यातली शिल्लक पाहता येते. पण ही वाट एका माणसाने दुसऱ्या माणसाला निरोप धाडण्यासाठी नाही. पावसाळ्यात मोठा कर्कश आवाज करत येणारा आपत्तीचा इशाराही असाच तिसरा प्रकार. तो टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम सोडला जातो आणि कोणाच्या नंबरावर जात नाही. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा कित्येकांनी दचकून फोन खाली टाकला असेल.

देवनागरीत लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. मराठी अक्षराला सात बिट पुरत नाहीत, सोळा लागतात, आणि त्याच १४० बाइटमध्ये १६० ऐवजी ७० च खुणा मावतात. त्यातही काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘नमस्कार’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द तिथे सात जागा खातो. मोठा मेसेज तुकड्यांत जातो, इनबॉक्समध्ये ते तुकडे जोडले जातात, पण फ्लॅश मेसेज साठतच नाही म्हटल्यावर जोडणी भरवशाची राहत नाही. जुन्या फोनात देवनागरीचे टाइप नसल्याने ओळभर चौकटी उमटायच्या, त्या वेगळ्याच. मराठी माणसाचा एसएमएस रोमन अक्षरांत वाढला याचं हे अर्धं कारण.

आता मुख्य मुद्दा. पुसलेला मेसेज खरंच पुसला जातो का?

सिमकार्डापासून सुरू करू. सिमवर मेसेजसाठी ठरावीक रकाने असतात, प्रत्येकी १७६ बाइटचे. रकान्याचा पहिला बाइट सांगतो की जागा रिकामी आहे की भरलेली. तुम्ही ‘डिलीट’ दाबलं की कित्येक फोन फक्त हा पहिला बाइट शून्य करत. उरलेला मजकूर जिथल्या तिथे, पुढचा मेसेज त्यावर येऊन बसेपर्यंत. भाडेकरूचं नाव पाटीवरून पुसलं, सामान आतच, असा हा प्रकार. तपास यंत्रणांच्या प्रयोगशाळा साध्या कार्डवाचकाने असे मेसेज वर काढत आल्या आहेत. फ्लॅश मेसेज या बाबतीत थोडा बरा, कारण तो मुळात सिमवर लिहिला जायचाच नसतो. पण पाठवणाऱ्याच्या यंत्रावर त्याची प्रत असू शकते, तिला हात कोण लावणार?

मग कंपनी. मेसेज कोणी कोणाला कधी पाठवला याची नोंद आपल्या देशात दूरसंचार कंपन्यांना ठेवावीच लागते. आधी ती वर्षभर ठेवायची होती, डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून ती दोन वर्षांवर नेली. मजकूर पोचल्यावर मेसेज सेंटरने तो सांभाळणं अपेक्षित नसतं, नोंद मात्र राहते. आणि अनेकदा नोंद मजकुराहून जास्त बोलते. सरकारला कायद्याने मेसेज मधल्या मध्ये वाचण्याचा अधिकारही आहे. त्याला आवर घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर आला, आणि त्यासाठीचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले.

‘पुसलं असेल’ या भ्रमाची सगळ्यांत महागडी गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची आहे. तिथले महापौर क्वामे किलपॅट्रिक आणि त्यांच्या कार्यालयप्रमुख बाई यांनी शहराने दिलेल्या पेजरवरून एकमेकांना हजारो निरोप पाठवले होते. न्यायालयात दोघांनीही आपले संबंध शपथेवर नाकारले. निरोप पेजर कंपनीकडे जसेच्या तसे होते. जानेवारी २००८ मध्ये ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ने ते छापले आणि सप्टेंबरात महापौरांना पद सोडावं लागलं, तुरुंगही पाहावा लागला. त्यांनी आपल्या हातातल्या पेजरवरून काय पुसलं नि काय ठेवलं, याला काडीची किंमत उरली नाही.

वाटेतली सुरक्षितताही यथातथाच. टूजीवर फोन आणि टॉवर यांच्यामध्ये जे कुलूप असतं त्यातलं ए-५/१ नावाचं कुलूप किती कच्चं आहे हे संशोधक कार्स्टन नोल यांनी डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत दाखवून दिलं. आणि ते कुलूप टॉवरपर्यंतच. पुढे कंपनीच्या आत मजकूर उघडाच फिरतो. व्हॉट्सअपसारखं या टोकापासून त्या टोकापर्यंतचं कुलूप एसएमएसला कधी नव्हतंच.

या सगळ्याला बगल देण्याचा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. २००५ च्या अखेरीस स्टेलियम नावाच्या कंपनीने ‘स्टेल्थटेक्स्ट’ ही सेवा आणली. मजकूर फोनवर पाठवायचाच नाही, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचा. समोरच्याला नुसती सूचना जायची, ती उघडली की फोनच्या तेव्हाच्या तोकड्या इंटरनेटवरून मजकूर दिसायचा आणि चाळीस सेकंदांत नाहीसा व्हायचा. स्नॅपचॅट यायला अजून सहा वर्षं होती. कल्पना चोख, पण तिच्यात भरवसा फोनवरून उचलून कंपनीवर नेऊन ठेवला इतकंच. शिवाय इंटरनेट आलं की तो फोन आपल्या अर्थाने साधा राहिला का, हाही प्रश्न उरतोच. जिओफोनवर २०१८ मध्ये व्हॉट्सअप आलं आणि नोव्हेंबर २०२० पासून सात दिवसांत जाणारे मेसेजही आले. २०२४ च्या जूनपासून त्या पद्धतीच्या फोनवर व्हॉट्सअप नव्याने घेणं बंद झालं. बटणांच्या फोनला मिळालेली ही सोय जेमतेम चार वर्षांची ठरली.

वर्ग शून्याचा उपयोग करून घेतला तो खोडकरांनी. नोव्हेंबर २०१३ मध्ये बुखारेस्टच्या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत बोग्दान अलेकू यांनी दाखवलं की गूगलच्या नेक्सस फोनवर लागोपाठ तीसेक फ्लॅश मेसेज सोडले की फोन गोंधळतो आणि आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. याच कुळातला पण पूर्ण अदृश्य प्रकार म्हणजे मूक एसएमएस. तो फोनला पोचतो, फोन पोच देतो, पण पडद्यावर काही उमटत नाही, आवाज होत नाही. जर्मनीत पोलीस तो वापरून फोन कोणत्या टॉवरखाली आहे याची नोंद घडवून आणतात आणि त्यावरून तिथल्या संसदेत वारंवार प्रश्न विचारले गेले आहेत. नाहीशा होणाऱ्या मेसेजची हौस बाळगणाऱ्या नागरिकाला ती सोय धड मिळाली नाही, सरकारला मात्र उत्तम मिळाली.

आपल्याकडे सरकारची चिंता उलटी आहे: मेसेज कुठून आला हे कळलं पाहिजे. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतातल्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा पसरल्या, बंगळूरहून गाड्या भरून निघाल्या, पुण्यातूनही विद्यार्थ्यांनी घरची वाट धरली. तेव्हा केंद्राने पंधरा दिवसांसाठी दिवसाला फक्त पाच एसएमएसची मर्यादा घातली होती. पुढे दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनी व्यापारी मेसेजचा मजकूरच आधी नोंदवायला लावला. मार्च २०२१ मध्ये ती चाळणी पहिल्यांदा कडक लावली तेव्हा नोंद नसलेले ओटीपी अडकले आणि देशभर बँकांचे व्यवहार खोळंबले. आठवडाभरासाठी चाळणी थांबवावी लागली. बँकेचा मेसेज तुमच्या फोनवरून पुसला गेला तरी त्याचा साचा नोंदवहीत आहेच.

मग या तंत्राचा भला उपयोग कोणता? अल्पायुषी माहिती. ओटीपी दहा मिनिटांनी मेलेलाच असतो, तो इनबॉक्समध्ये साठवून काय मिळतं? जुन्या फोनचा इनबॉक्स पन्नासेक मेसेजांत भरायचा आणि पाकिटाचं चित्र लुकलुकत राहायचं. पुढचा मेसेज बाहेर ताटकळत. तिथे ओटीपी फ्लॅशने येणं सोयीचंच. गूगलने २०२१ मध्ये भारतातून सुरुवात करून ओटीपी चोवीस तासांनी आपोआप पुसण्याची सोय दिली, ती वापरणाऱ्याने चालू केली तरच चालते. मला हा नमुना योग्य वाटतो, कारण इथे पुसण्याचा निर्णय घेणाऱ्याचा आहे.

आणि इथेच मघाच्या बिनदातांच्या कलमाकडे वळायला हवं. दुसऱ्याच्या फोनमधला मेसेज मी पुसावा, हा हक्क मला का असावा? पत्र पोचलं की कागद घेणाऱ्याचा, हा साधा न्याय. गुपित राखणाऱ्यांची बाजू मला कळते. घरात एकच फोन असलेल्या, सासरच्यांनी इनबॉक्स तपासावा अशा स्थितीतल्या बाईला आईचा मेसेज आपोआप गेलेला हवा असेल. पण त्याच बाईला नवऱ्याने धमकीचा मेसेज टाकला तर तो राहायला हवा. २०१९ च्या मुस्लिम महिलांसंबंधीच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेला तिहेरी तलाकही बेकायदा आणि गुन्हा ठरवला. असा मेसेज वाचताक्षणी उडून गेला तर तिने पोलिसांना काय दाखवायचं? पाठवणाऱ्याच्या हाती पुसण्याची कळ देणं म्हणजे बलवानाच्या हाती ती देणं, हे साध्या फोनच्या बाबतीत जास्तच खरं आहे, कारण तिथे पडद्याचा फोटो काढून ठेवण्याचं बटणही नसतं.

पुराव्याचा कायदा इथे पुरेसा स्पष्ट आहे आणि तो स्पष्ट होण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आलं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेलं प्रमाणपत्र लागेलच. तपासात मागवलेल्या कॉलच्या नोंदी दूरसंचार कंपन्यांनी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, असाही आदेश त्याच निकालात आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची ती अट कायम आहे.

म्हणून साधा फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने, आणि अशा घरातल्या मुलांनी आईवडिलांना शिकवून, एवढं करावं. पडद्यावर अचानक मेसेज उभा राहिला आणि त्यात धमकी, पैशांची मागणी किंवा शिवीगाळ असेल, तर घाईने ‘ओके’ दाबू नका. आधी ‘ऑप्शन’मध्ये ‘सेव्ह’ आहे का पाहा. नसेल तर पडदा मालवायच्या आत दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घ्या, तारीख, वेळ आणि दिसत असेल तर नंबर कागदावर उतरवा. काही फोनवर फ्लॅश मेसेजचा नंबर दिसतच नाही. तरी वेळ अचूक असली तर कंपनीच्या नोंदीतून पोलिसांना तो मिळू शकतो. सिम आणि फोन तसेच ठेवा, विकू नका, सिम बदलू नका. पैशांची फसवणूक असेल तर १९३० ला, जिवाची भीती असेल तर ११२ ला फोन करा, आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. हे सगळं दोन वर्षांच्या आत करा, कारण त्यापुढे कंपनीवर नोंद ठेवण्याचं बंधन नाही.